आठवत नाही, असं मी लिहून दिलं

आमच्या शेजारचे वानखेडे मला अजूनही आरटीओवाला समजतात. चूक माझीच आहे. ते नवीन राहायला आले तेव्हा त्यांनी जिन्यात अडवून विचारलं होतं, "गजभिये साहेब, तुम्ही महिना महिना जाता कुठं? करून काय राहिले?" मी म्हटलं, जहाजं तपासतो. ते म्हणाले, "जहाजाचंही आरटीओ असते का?" माझ्या हातात दोन बॅगा होत्या, खाली ऑटो उभा होता. मी म्हटलं, हाव, तसंच समजा. तेव्हापासून ते मला लायसन्सची कामं सांगत आले आहेत.

नागपुरात माणसाने असा धंदा करू नये. इथून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र यायला अख्खी रात्र नाहीतर अख्खा दिवस जातो. पण सुरुवातीची वर्षं जहाजावर अधिकारी म्हणून आणि नंतरची सगळी निरीक्षक म्हणून, अशी माझी नोकरी समुद्रातच गेली. आता निवृत्त होऊन प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये बसलो आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी "गमतीदार अनुभव लिहा" म्हटलं. गमती आहेत, त्या सांगतोच. पण मला एक दुसरंच लिहायचं आहे, आणि त्यासाठी आधी हा धंदा काय तो सांगावा लागेल.

कोळसा, लोहखनिज, गहू, खत असा सुटा माल ज्यात ओततात, त्या जहाजांना बल्क कॅरिअर म्हणतात. सावनेरच्या रस्त्याला कोळशाचे ट्रक तुम्ही पाहिले असतील. तसे हजारो ट्रक एका पोटात रिते होतील एवढं एक जहाज असतं, आणि ते चालवायला माणसं जेमतेम वीस-बावीस. माल ज्याचा असतो त्याला आधी कळायला हवं असतं की हे जहाज धड आहे की नाही. म्हणून आमच्यासारखा निरीक्षक चढतो, एक जाडजूड प्रश्नावली घेऊन दिवसभर फिरतो आणि शेवटी मार्क देतो. मार्क कमी पडले की जहाजाला भाडं मिळायची पंचाईत. त्यामुळे शिडीवरून पाय डेकवर टेकला की कॅप्टन पोरीच्या सासऱ्याचं करावं तसं आपलं स्वागत करतो.

मी बरा निरीक्षक होतो, हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी नागपुरात नाही. कागद मी शेवटी पाहायचो. आधी खलाशांचं न्हाणीघर, मग भटारखाना, मग मालाच्या कोठारात उतरायच्या शिडीच्या पायऱ्या. न्हाणीघर स्वच्छ असलं की इंजिनही बहुधा स्वच्छ निघतं. एका कॅप्टनने मी येणार म्हणून सगळं जहाज रंगवून काढलं होतं. लाल, पिवळं, नुसतं लखलखत होतं. मी म्हटलं, आगीचा पंप सुरू करा, पाणी दाखवा. पंप सुरू झाला, पण पाणी काही येईना. पाइपाच्या तोंडावरही हौसेने तीन हात रंग मारला होता, झाकण उघडायला छिन्नी लागली. कॅप्टन म्हणाला, "सर, रंगाचे तरी मार्क द्या." दिले नाहीत.

पण असा माणूस जहाजावर कोणाला आवडेल? मी जेवणघरात शिरलो की बोलणं बंद पडायचं. मला चांगल्या कपात चहा मिळायचा, वेगळ्या टेबलावर. काम संपलं की शिडी उतरायची, बंदराबाहेरच्या कुठल्यातरी हॉटेलात जायचं आणि एकट्याने अहवाल लिहायचा. घरी फोन केला तर बायको विचारायची, जेवले का? तिला माझ्या कामातलं काही कळत नव्हतं आणि मला तिच्या दिवसातलं काही ठाऊक नसायचं. मग "ठेवू का?" म्हणून दोघंही फोन ठेवायचो. ती जाऊन आता दोन वर्षं झाली. मी वेळ मिळेल तेव्हा बोलू म्हणून बाजूला ठेवलेलं सगळं तसंच राहिलं.

अशा दिवसांत मला प्रल्हाद धोटे भेटला.

पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात लोहखनिज भरणाऱ्या जहाजावर मी चढलो होतो. डेकवरून जात असताना कोणीतरी वॉकीटॉकीवर इंग्रजीत ओरडत होतं, आणि बटण सोडून स्वतःशीच म्हणालं, "काहून आयकत नाही बापा हे लोकं." माझे पाय तिथेच थांबले. मी म्हटलं, कुठले गा तुम्ही? तो वळला. तेलकट बॉयलर सूट, डोळे लाल, वय पस्तीस-चाळीसच्या मधलं. म्हणाला, "नरखेड. तुमी?" मी म्हटलं, नागपूर. त्याने हातमोजा काढून हात पुढे केला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

तो त्या जहाजाचा मेट होता. मेट म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी. माल किती, कुठे, कसा भरायचा ते सगळं त्याच्या डोक्यावर. एका बाजूने खनिज पडत असतं, दुसरीकडे जहाजाच्या पोटातलं पाणी बाहेर टाकायचं असतं, आणि दोन्हींचा मेळ चुकला तर जहाज वाकतं. भरणी सुरू झाली की संपेस्तोवर मेटला झोप नसते. हे सगळ्यांना माहीत असतं.

त्या दिवशी मी वेगळ्या टेबलावर जेवलो नाही. धोटेने मला आपल्या शेजारी बसवलं. घरच्या संत्र्याच्या बागेचं, विहिरीवरच्या मोटरचं, सीताबर्डीवर बायकोसाठी घेतलेल्या साडीचं, असं काहीही बोलत राहिला. "वैष्णवी सातवीत हाय," म्हणाला, "मी घरी गेलो का दोन दिवस मले पाहुणाच समजते." इतकं हसलो होतो आम्ही की कॅप्टनला वाटलं, आता पैकीच्या पैकी मार्क मिळणार.

जेवणानंतर मी विश्रांतीचं रजिस्टर मागितलं. नियम असा की चोवीस तासांत प्रत्येक माणसाला किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, तीही फार तर दोन तुकड्यांत. ज्याने त्याने आपले तास भरायचे आणि सही करायची. मी शेकड्याने अशी रजिस्टरं पाहिली होती आणि सगळी नमुन्यासारखी होती. वादळ असो, भरणी असो, सगळे दहा-दहा तास झोपलेले. सगळे एकाच पेनाने, एकाच दिवशी भरलेले. आम्ही निरीक्षकही पानं उलटायचो आणि "ठीक" अशी खूण करून पुढे जायचो. हे आमच्या धंद्यातलं न बोलता ठरलेलं होतं.

धोटेचं पान तसं नव्हतं. त्यात साडेतीन तास होते, पाच तास होते, एका दिवशी दोन होते. खरे होते. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "जे हाय ते हाय, भाऊ. मी खोटं काहून लिहू?"

आता इथे मी काय करायला पाहिजे होतं ते मला आज कळतं. पण प्रश्नावलीत प्रश्न एवढाच होता, की विश्रांतीच्या नियमाचा भंग आढळला का? आढळला होता. तोही लेखी, सहीसकट. मी तो नोंदवला, एकेक तारीख टाकून. खोट्या रजिस्टराला सुरळीत आणि खऱ्याला भंग, असा तो हिशेब होता आणि तो मी चोख केला. जहाजाचे मार्क घसरले. उतरताना मी धोटेला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नको गा, पुस्तकच तसं आहे. तो म्हणाला, "तुमी तुमचं काम केलं." शिडीपर्यंत सोडायला आला, आणि घरून आणलेल्या संत्राबर्फीचा डबा माझ्या हातात कोंबला. नियमाप्रमाणे निरीक्षकाने काही घ्यायचं नसतं. मी घेतला.

दोनेक वर्षांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर तो पुन्हा भेटला. मी लांबूनच ओळखलं, म्हटलं, का गा नरखेड! तो हसला, पण म्हणाला, "या साहेब." मागच्या वेळी भाऊ होतो. केस बरेच पांढरे झाले होते. जेवायला या वेळी माझं टेबल वेगळंच होतं आणि तो डेकवर काम आहे म्हणून आलाच नाही.

दुपारी त्याच्या केबिनमध्ये कागद पाहायला बसलो. विश्रांतीचं रजिस्टर त्याने स्वतःच पुढे सरकवलं. दहा, दहा, साडेदहा, दहा. एकाच पेनाने. मी पान उलटलं. एक दाखला कॅप्टनकडे होता, तो आणायला धोटे वर गेला. टेबलावर एक छोटी खिशातली डायरी पडली होती, पानांत पेन्सिल घालून ठेवलेली. दुसऱ्याची डायरी उघडू नये एवढं मला कळतं. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांचेच कागद उघडत आलेला माणूस मी, हात गेला.

मराठीत लिहिलेली होती. त्याच आठवड्याची. वार, आणि पुढे खरे तास. रजिस्टरात ज्या दिवशी दहा होते त्या दिवशी डायरीत तीन होते. मी चार-पाच ओळी वाचल्या. शेवटची ओळ कामाची नव्हती, घरची होती. ती वाचल्यावर मला लाज वाटली आणि मी डायरी मिटली.

तो दाखला घेऊन आला. त्याने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आता बरोबर हाय ना साहेब?"

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि पूर्ण मार्क दिले. तेव्हा वाटलं, मी याच्यावर उपकार करतो आहे. मागच्या वेळचं फेडतो आहे.

पाच महिन्यांनी तो पडला. जहाज किती पाण्यात बसलं आहे हे पाहायला बाहेरून, जहाजाच्या भिंतीवर रंगवलेले आकडे वाचावे लागतात. समुद्राच्या बाजूचे आकडे वाचायला दोराच्या शिडीने खाली उतरतात. भरणीचा तिसरा दिवस होता, सकाळचे नऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं, शिडीही धड होती. खाली लाँच, म्हणजे छोटी मोटरबोट, उभी होती. पाहणारे म्हणाले, त्याचा हात सुटला नाही, त्याने तो सोडला, जसा झोपेतला माणूस सोडतो. लाँचच्या कठड्यावर पडला. उजवा खुबा आणि मांडी, दोन्हींचा चुरा झाला.

चौकशी झाली. रजिस्टर काढलं गेलं. आदल्या रात्री मेट दहा तास झोपला होता, त्याच्या आदल्या रात्रीही दहा तास, खाली त्याचीच सही. आणि ते रजिस्टर सुरळीत असल्याचा माझा अहवाल सोबत होता. धोटेने दवाखान्यातून सांगितलं की मी खरे तास डायरीत लिहीत होतो. पण त्याचं सामान जहाजावरून दुसऱ्यांनी बांधून पाठवलं, त्यात डायरी नव्हती. मग मला चौकशीवाल्यांचं पत्र आलं. निरीक्षणाच्या वेळी आपण रजिस्टराखेरीज विश्रांतीची दुसरी कोणती नोंद पाहिली होती काय?

मी नागपुरातच होतो, याच टेबलापाशी. दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. पाहिली होती म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, मग नोंदवली का नाही? मग माझे जुने अहवाल उघडणार. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. स्वतःला मी मात्र वेगळं सांगितलं. म्हटलं, डायरी खरी ठरली तर रजिस्टरावरची त्याची सही खोटी ठरेल, त्याचं लायसन्स जाईल, उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो. तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं: "अशी नोंद पाहिल्याचे आठवत नाही." खाली सही केली. निकाल आला, अपघाताचं कारण वैयक्तिक निष्काळजीपणा. लायसन्सचा प्रश्नच उरला नाही, तसल्या पायाने जहाजावर कोण घेतो.

मी ठरल्या दिवशी निवृत्त झालो. मग बायको गेली. मुलगा बंगळुरूला आहे, रविवारी फोन करतो, तोही विचारतो, जेवले का? घरात दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि ज्या गोष्टी बोलायच्या आहेत त्या कळणारं तर कोणीच नाही. वर्धा रोडवर ट्रक रिकामा होताना आवाज आला की मी खिडकीत जाऊन उभा राहतो. माझी भाषा आणि माझा धंदा दोन्ही कळणारा एकच माणूस या मुलखात होता, दोन तासांवर, आणि त्याच्याकडे जायची मला सोय नव्हती. ती मीच घालवली होती.

यंदा मृगबहाराची संत्री उतरायच्या दिवसांत शेवटी गेलो. एसटीने नरखेड, तिथून गावापर्यंत एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून. दार त्याच्या मुलीने उघडलं. तीच सातवीतली वैष्णवी, आता काटोलला कॉलेजात जाते, निघायच्या घाईत होती. मी जहाजावरचा ओळखीचा म्हटल्यावर तिने पाणी आणून दिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा बगीच्यात आहेत, काका. तुमच्या तिथं सगळेच असे असतात का? बाबा तिकडे गेले का फोन उचलत नव्हते. आई रडायची. शेवटी कामातही लक्ष दिलं नाही अन् पाय घालवून आले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने ते कधीचंच खरं धरलं होतं. मी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

बगीच्यात तो खाटेवर बसला होता, काठी बाजूला. मला पाहून उठायला लागला, मी बसवलं. बराच वेळ आम्ही संत्र्याच्या भावावर बोललो. मग मी म्हटलं, प्रल्हाद, मी तुझी डायरी पाहिली होती.

तो म्हणाला, "मले माहीत हाय. मी पेन्सिल पानात ठेवून गेलतो. आलो त पेन्सिल भायेर होती."

"मग तू चौकशीत माझं नाव का नाही घेतलं?"

"घेतलं असतं त तुमी नाही म्हटलं असतं. मंग मी दोनदा खोटा पडलो असतो." तो काठीने माती उकरत राहिला. "वाट पाह्यली मी तुमची, भाऊ. दवाखान्यात बायकोले सांगत होतो, नागपूरचा माणूस हाय, येईन, सांगन. चार वर्सं झाली."

मोटर सुरू होती, पाणी आळ्यांत जात होतं, ते पाहत बसलो. शेवटी मी विचारलं, आता काय करू गा, तू सांग.

"मले काही नाही पाहिजे आता. पण पोरीले वाटते बाप गाफील होता. मी सांगतो त म्हणते, तुमी तुमची बाजू सांगता. तुमी सांगा तिले. तोंडी नका सांगू, तोंडीचं काय खरं. लिहून द्या, सही करून."

मेटच तो. त्याला कागद लागतो. निघताना त्याने पिशवीभर संत्री दिली, या वेळी नियम आड येणार नव्हता.

घरी आल्यावर मी चौकशीवाल्यांना लिहिलं. उत्तर दोन ओळींत आलं, प्रकरण बंद झालं आहे. त्यांचं ते पत्र मी ठेवून दिलं आहे. म्हणून संपादकांनी गमती मागितल्या तेव्हा मी हो म्हटलं. हा अंक छापून आला की त्याची एक प्रत मी स्वतः नरखेडला नेऊन देणार आहे.

तर वैष्णवी, हे तुझ्यासाठी. मी तुझ्या बाबांच्या केबिनमध्ये त्यांची डायरी उघडली होती. अक्षर लहान, पेन्सिलीचं. त्या पानावर असं होतं:

"सोम. झोप ३. मंगळ. झोप ४, तुकड्यात. बुध. झोप नाही. गुरु. झोप ३. पोरीचा वाढदिवस. तिचा फोन आला तेव्हा फोन हातातच होता, घंटी वाजून राहिली होती, मले जागच आली नाही."

मला आठवतं.

— सिद्धार्थ गजभिये, निरीक्षक (निवृत्त)